बाळूचे प्रकरण : मूल म्हणून वाढवलेला लॅब्रॅडॉर

बाळू हा निर्बीजीकरण झालेला, फिकट पिवळ्या रंगाचा, चार वर्षांचा लॅब्रॅडॉर नर. २०२४च्या उन्हाळ्यात त्याला पुण्यातील माझ्या दवाखान्यात आणले, तेव्हा मालकांच्या दृष्टीने तक्रार एकच होती. सुट्टीसाठी कॅनडाहून आलेल्या त्यांच्या दोन वर्षांच्या नातीच्या हातावर त्याने तोंड टाकले होते. दात घासून त्वचेवर लाल वळ उठला होता. घरच्यांनी हात साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुतला, मुलीला लगेच डॉक्टरांकडे नेऊन रेबीजची लस सुरू केली, आणि बाळूचे स्वतःचे लसीकरणही वेळच्या वेळी झालेले होते. मुलाने मात्र त्याच रात्री आईवडिलांना सांगितले, की हा कुत्रा घरात असेल तर पुढच्या वेळी आम्ही हॉटेलात उतरू.

बोलण्याच्या ओघात आणखी दोन गोष्टी कळल्या. बाळू घरात एकटा राहू शकत नव्हता, आणि हाताने भरवल्याशिवाय जेवत नव्हता. या दोन्ही गोष्टी मालकांना तक्रारी वाटतच नव्हत्या. "लाडाचा आहे हो तो," एवढेच त्यांचे म्हणणे होते. माझ्या मते प्रकरणाचे मूळ याच दोन गोष्टींत होते आणि नातीवर तोंड टाकणे हे त्याचे सर्वांत शेवटी दिसलेले टोक होते.

कुटुंबाच्या संमतीने हे लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. दवाखान्यात मी त्यांना काका आणि काकू म्हणत असे, येथेही तसेच म्हणतो.

घर आणि पिल्लू

काका बँकेतून निवृत्त झालेले, काकू शाळेतून. एकुलता एक मुलगा २०१९ मध्ये नोकरीसाठी परदेशी गेला, आणि पुढच्याच वर्षी टाळेबंदी लागली. जूनमध्ये, निर्बंध थोडे सैल झाल्यावर, मुलाच्याच आग्रहावरून पिल्लू घरी आले. त्या वेळी ते जेमतेम चाळीस दिवसांचे होते. आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकण्यास २०१७ च्या श्वानप्रजनन नियमांनी मनाई आहे, आणि ती केवळ कागदी अट नाही. आईच्या आणि भावंडांच्या सहवासात पिल्लू दाताचा जोर किती लावायचा, समोरचा नको म्हणतो म्हणजे काय, आई उठून गेली तरी आभाळ कोसळत नाही, हे सारे शिकते. त्यातही वयाचा तिसरा ते साधारण चौदावा आठवडा हा कुत्र्याच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचा काळ असतो. या काळात जी माणसे, जे आवाज, ज्या जमिनी आणि जे प्राणी ओळखीचे होतात, ते पुढे आयुष्यभर सहज वाटतात. बाळूचा या काळातला बहुतेक भाग एका बंद सदनिकेत, दोन माणसांच्या मांडीवर गेला. त्याने लहान मूल पाहिले नाही, दुसरा कुत्रा पाहिला नाही, आणि कित्येक महिने घराचे दार बाहेरून बंद झाल्याचा आवाजही ऐकला नाही, कारण घरातले कोणी बाहेर जातच नव्हते.

काकूंनी त्याचे बारसे केले. शेजारणीकडून पाळणा आणला, घुगऱ्या केल्या, कानात नाव सांगितले. तो फोटो त्यांनी मला मोठ्या प्रेमाने दाखवला. त्या दिवसांत शहरभर जी एकटेपणाची आणि भीतीची हवा होती ती ज्यांना आठवते, त्यांना या बारशात काही वावगे वाटू नये. मलाही वाटले नाही. त्या पिल्लाने या दोघांना सावरले, ही वस्तुस्थिती आहे.

पुढच्या चार वर्षांत मात्र घराची सगळी घडी त्याच्याभोवती बसली. सकाळी दुधात बुडवलेली ग्लुकोजची बिस्किटे, दुपारी तूप लावून कुस्करलेली पोळी, संध्याकाळी काकांच्या ताटातले जे असेल ते, रात्री दहीभात, आणि हे सारे काकूंच्या हातून, एकेक घास, "हा चिऊचा, हा काऊचा" करत. रात्री तो दोघांच्या मधे पलंगावर झोपे. थंडीत स्वेटर आणि सणावाराला शिवून घेतलेला झब्बा. आठवड्यातून दोनदा आंघोळ, वर लहान मुलांची पावडर. फिरणे दिवसातून एकदा, इमारतीच्या आवारात, दहा मिनिटे. त्यातही तो जमीन हुंगू लागला की "छी, घाण" म्हणून पट्टा ओढला जाई. दुसरा कुत्रा दिसला की काका त्याला उचलता येत नाही म्हणून त्याच्यापुढे आडवे उभे राहत.

तपासणीत काय दिसले

वजन ४४ किलो भरले. त्याच्या हाडापेराला ३१ ते ३२ किलो पुरेसे होते. शरीराची ठेवण मोजण्याच्या नऊ अंकी मापात चार किंवा पाच हा अंक उत्तम मानतात. बाळू नऊवर होता. बरगड्या दाबूनही हाताला लागत नव्हत्या. दोन्ही कानांत बुरशीचा संसर्ग होता, ज्याला वारंवारच्या आंघोळीने कानात राहणारा ओलावा कारणीभूत होता. क्ष-किरण चित्रात दोन्ही खुब्यांच्या सांध्यांत झीज सुरू झालेली दिसली. थायरॉईडच्या तपासण्या सामान्य आल्या, म्हणजे लठ्ठपणाचे कारण म्हणून सांगायला तो आजारही नव्हता.

लॅब्रॅडॉरच्या बाबतीत एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले, की या जातीतील सुमारे चौथ्या हिश्श्याच्या कुत्र्यांमध्ये पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या साखळीतील एका जनुकात त्रुटी असते आणि असे कुत्रे अन्नासाठी सतत अधीर राहतात. बाळूची ती चाचणी झालेली नाही. पण खाण्यासाठी जीव टाकणारी ही जात, आणि तिच्यातला हा कुत्रा पुढ्यातल्या वाडग्याला तोंड लावत नव्हता, हे मला सर्वांत बोलके वाटले. तो भुकेसाठी खात नव्हता. वाडग्याकडे पाठ फिरवली की काकू शेजारी बसतात, अंगावरून हात फिरतो, आवाज मऊ होतो, हे तो शिकला होता, आणि त्याने ते अगदी चोख शिकले होते.

वजनाचा प्रश्न दिसण्याचा नाही. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरांवर पिल्लूपणापासून मरेपर्यंत केलेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. भावंडांच्या जोड्या करून एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न दिले गेले. कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुष्य (ज्या वयापर्यंत निम्मे कुत्रे जगले) १३ वर्षे भरले आणि इतरांचे ११.२, सांध्यांची दुखणीही त्यांच्यात उशिरा सुरू झाली. काकूंना मी हे आकडे सांगितले तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे मी त्याची दोन वर्षं खाल्ली." मी त्यांना सांगितले, की कुत्रा चारच वर्षांचा आहे आणि बरेच काही अजून हातात आहे. पण काकूंचे ते वाक्य या प्रकरणातील सर्वांत जड वाक्य होते.

दोन चित्रणे

एकटेपणाचे स्वरूप समजून घेण्यासाठी मी काकांना दिवाणखान्यात मोबाईल लावून, अर्धा तास दोघांनीही बाहेर जाऊन येण्यास सांगितले. चित्रणात दिसते ते असे. काकूंनी पर्स उचलताच बाळू उठतो आणि धापा टाकू लागतो, म्हणजे दार बंद होण्याआधीच त्याची घालमेल सुरू झालेली आहे. दार बंद होते. तो नाक दाराच्या खालच्या फटीला लावून उभा राहतो. दोन-तीन मिनिटांत लाळेची धार लागते, फरशीवर ओले थारोळे दिसू लागते. मग पंजांनी दार खरवडणे, मग मान वर करून लांबलचक हेल काढणे. सातव्या-आठव्या मिनिटाला तो आत जातो, काकूंचा गाऊन तोंडात धरून आणतो, दाराशी अंथरल्यासारखा टाकतो आणि त्यावर लघवी होते. शेवटी तो गाऊनवर पडून राहतो, पण झोपत नाही. डोळे दारावर आणि श्वास तसाच जोरात.

काकूंची या लघवीबद्दल पक्की समजूत होती, की तो रुसून मुद्दाम करतो, "कारण आम्ही आलो की चोरासारखा तोंड लपवतो, त्याला कळतं आपण चुकलोय ते." न्यूयॉर्कमधील अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ मध्ये केलेला प्रयोग नेमका याच समजुतीवर आहे. कुत्र्याने चूक केली असो वा नसो, मालक रागावला की तो अपराधी चेहरा येतो. निर्दोष कुत्र्यालाही रागावले तर तोच चेहरा दिसतो. तो पश्चात्ताप नसतो, समोरच्याचा राग शांत करण्याची ती धडपड असते. घाबरून लघवी झालेल्या जनावराला घरी आल्याबरोबर बोलणी बसत होती, आणि त्यामुळे पुढच्या वेळी दार बंद होण्याची भीती आणखी वाढत होती.

दुसरे चित्रण योगायोगाने मिळाले. सुनेने मुलीचे खेळणे टिपण्यासाठी मोबाईल चालू ठेवला होता. बाळू पलंगावर आडवा आहे आणि मुलगी पलंगाच्या कडेला धरून त्याच्याकडे सरकते आहे. तो आधी मान दुसरीकडे वळवतो. मग ओठांवरून जीभ फिरवतो, खाणे समोर नसताना. मग डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो, अंग ताठ होते, श्वास थांबतो. मुलगी त्याच्या मागच्या पायाला धरून वर चढू पाहते आणि त्याच क्षणी तो तोंड टाकतो. एवढ्या साऱ्या खुणांत गुरगुरणे मात्र कुठेच नाही.

का नाही, याचे उत्तर काकूंनीच दिले. पूर्वी तो गुरगुरत असे: पलंगावरून उतरवताना, खुब्यापाशी हात लागताना. तेव्हा त्याला दर वेळी दटावले गेले, कारण शहाणे बाळ मोठ्यांवर गुरगुरत नाही. गुरगुरणे ही कुत्र्याची पूर्वसूचना आहे. ती बंद पाडली, पण ज्या दुखण्यामुळे आणि ज्या अडचणीमुळे ती येत होती ती तशीच राहिली. झिजलेल्या खुब्याचा कुत्रा, पळायला जागा नाही, आणि दुखऱ्या पायाला धरणारे एक अनोळखी मूल. त्या वेळी त्याने जे केले ते त्याच्यापाशी उरलेले शेवटचे बोलणे होते.

माझे निदान

कागदावरचे निदान सरळ होते: तीव्र विलगीकरण-चिंता (म्हणजे एकटे राहण्याची घबराट), वेदनेतून आलेली बचावात्मक आक्रमकता, अतिलठ्ठपणा, खुब्यांचा संधिवात आणि कानांचा संसर्ग. पण या पाचही गोष्टी एकाच मुळातून कशा फुटल्या हे मालकांना समजल्याशिवाय उपचार टिकले नसते.

कुत्र्यावर मुलासारखे प्रेम करणे ही भ्रामक गोष्ट आहे असे मी मानत नाही. बुडापेस्टच्या संशोधकांनी १९९८ मध्ये, लहान मुलाची आईशी असलेली जवळीक तपासण्याची पद्धत कुत्र्यांना लावून पाहिली आणि बऱ्याच अंशी तसेच नाते आढळले. जपानमध्ये २०१५ मध्ये दिसून आले, की मालक आणि कुत्रा एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे जिव्हाळ्याशी जोडलेले संप्रेरक वाढते, जे आई आणि तान्ह्या बाळाच्या बाबतीतही घडते. काकूंना जे वाटत होते ते खरेच होते.

अडचण अशी, की मूल वाढवणे म्हणजे त्याला रोज थोडे आपल्यापासून सुटे करणे. आपण मुलाला हाताने जेवायला शिकवतो, बालवाडीच्या दाराशी रडणाऱ्याला बाईंच्या हाती देऊन वळतो, एकटे झोपायला लावतो, मातीत खेळू देतो, आणि एके दिवशी विमानतळावर सोडायला जातो. काका-काकूंनी स्वतःच्या मुलाला अगदी असेच वाढवले होते आणि चांगले वाढवले होते. बाळूच्या वाट्याला यातले काहीच आले नाही. त्याला मुलाचे लाड मिळाले, मुलाचे मोठे होणे मिळाले नाही. तो चार वर्षे चाळीस दिवसांचाच राहिला. आणि त्याच वेळी कुत्रा म्हणून त्याला जे हवे होते, म्हणजे हुंगणे, चावणे, शोधणे, आपल्या जातीच्या प्राण्याशी बोलणे, नको असल्यास नको म्हणणे, ते घाण, मस्ती किंवा उद्धटपणा म्हणून एकेक करून बंद झाले. माणसाच्या नाकात गंध टिपणारे ग्राही साठ लाखांच्या आसपास असतात, कुत्र्याच्या नाकात वीस कोटींहून अधिक. ज्याचे जग नाकातून उलगडते त्याला दिवसातून दहा मिनिटे, तीही पट्टा ओढत, बाहेर नेणे हा मोठा अभाव आहे, आणि तो घरातल्या कोणत्याही लाडाने भरून निघत नाही.

माणसांवरचा परिणाम मी नोंदवहीत वेगळा लिहिला होता. चार वर्षांत काका आणि काकू एकाही लग्नाला जोडीने गेले नव्हते. काकांच्या थोरल्या बहिणीच्या सहस्रचंद्रदर्शनालाही काकू घरीच थांबल्या. नातीच्या जन्माच्या वेळी सुनेला मदत म्हणून कॅनडाला जायचे ठरले होते, ते रद्द झाले, आणि मुलाच्या त्या रात्रीच्या बोलण्यात हा जुना सल होताच. एकट्या मुलाने रिकामे केलेले घर भरण्यासाठी आणलेला कुत्रा त्याच मुलाकडे जाण्याच्या वाटेत उभा होता.

उपचार

मुलाने इंटरनेटवरचे काही पाहून वडिलांना सुचवले होते, की कुत्र्याला "बॉस कोण" ते दाखवा, खाली दाबून धरा, आधी आपण जेवा. ही दुसऱ्या टोकाची चूक आहे. कळपातला वरचढ लांडगा ही कल्पना बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणातून आली, आणि ती लोकप्रिय करणाऱ्यांपैकी एक असलेले लांडग्यांचे अमेरिकी अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये, रानातला कळप म्हणजे मुळात आईबाप आणि त्यांची पिल्ले, असे सांगून ती दुरुस्त केली. घाबरलेल्या आणि दुखणाऱ्या बाळूला दाबून धरले असते तर पुढचा चावा नक्की खोल गेला असता.

सुरुवात वेदनाशामक आणि कानाच्या औषधांनी केली. चिंतेसाठी फ्लुऑक्सेटिन सुरू केले. त्याचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात हे आधीच स्पष्ट केले, कारण दहाव्या दिवशी औषध सोडून देणारी कुटुंबे पुष्कळ असतात. आहार दिवसाला सुमारे ९०० कॅलरींवर आणला, जे ३० किलोच्या कुत्र्याच्या विश्रांतीच्या गरजेइतके आहे, आणि तो स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजून द्यायचा ठरला. घरातल्या कोणत्या गोष्टी त्याच्या तोंडी लागता कामा नयेत याची यादी करताना एक धक्का बसला: दर पौर्णिमेला सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा त्याला बेदाण्यांसकट मिळत होता. द्राक्षे आणि बेदाणे काही कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना थोड्या प्रमाणातही घातक ठरतात. बाळू आजवर वाचला हे सुदैव. कांदा, लसूण, चॉकलेट आणि काकांच्या मधुमेहासाठी आणलेल्या, झायलिटॉल असलेल्या बिनसाखरेच्या गोळ्याही बंद कपाटात गेल्या.

खरा प्रश्न काकूंचा होता. "मग मी त्याला द्यायचं तरी काय?" असे त्यांनी विचारले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. दिवसातले चार-पाच तास ज्या कामात जात होते ते काम मी काढून घेत होतो, आणि त्या जागी दुसरे काही दिले नसते तर आठवड्याभरात दहीभात परत आला असता. म्हणून स्वयंपाक त्यांच्याकडेच ठेवला: वाफवलेली फरसबी, दुधी आणि गाजराच्या फोडी, त्याही मोजून. भरवण्याऐवजी त्यांनी रोजच्या खाण्याचा निम्मा वाटा जुन्या टॉवेलच्या घड्यांत आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांत लपवायचा आणि बाळूने तो शोधायचा, असे ठरले. पहिले दोन दिवस तो खोक्याशेजारी बसून काकूंच्या तोंडाकडे पाहत राहिला. भूक लागेपर्यंत थांबणे हे त्या दोन दिवसांत कुत्र्यापेक्षा काकूंनाच अवघड गेले. तिसऱ्या दिवशी त्याने नाक घातले. शिक्षिका म्हणून तीस-पस्तीस वर्षे वर्ग सांभाळलेल्या बाईंना त्यानंतर फारसे समजवावे लागले नाही; खोकी रोज अधिक अवघड कशी करायची हे त्यांनीच पुढे मला सांगितले.

एकटे राहण्याचा सराव सेकंदांपासून सुरू झाला. पर्स उचलायची आणि सोफ्यावर बसायचे. दार उघडायचे आणि बंद करायचे. बाहेर पाऊल टाकून लगेच आत यायचे. कुत्रा धापा टाकू लागण्याआधी परतायचे, आणि सराव चालू असेपर्यंत प्रत्यक्षात त्याला एकटे कधीच ठेवायचे नाही, ही अट कडक होती, कारण एका घाबरवणाऱ्या दुपारने महिन्याभराची कमाई जाते. पलंगाशेजारी त्याची स्वतःची जाड गादी आली. नात घरी असताना दोघांमध्ये लाकडी फाटक, आणि मोठे माणूस हजर असल्याशिवाय दोघे एका खोलीत नाहीत. गुरगुरला तर दटावायचे नाही. काय खुपते आहे ते पाहून बाजूला व्हायचे.

फिरायला काका त्याला पहाटे वेताळ टेकडीच्या पायथ्याशी नेऊ लागले. छातीचा पट्टा, लांब दोरी, आणि वेग कुत्र्याचा. एका झुडपापाशी तो पाच मिनिटे हुंगत उभा राहिला तरी चालेल, असे मी सांगितले होते; काका म्हणाले, पाच कुठली, पंधरा.

वर्षभरानंतर

तीन महिन्यांनी वजन ३९ किलो आणि वर्षाने ३३ किलो झाले. पायऱ्या तो आता न थांबता चढतो, वेदनाशामक फक्त थंडीत लागते, कान स्वच्छ आहेत. घरात अडीच तासांपर्यंत तो एकटा राहतो. नव्या चित्रणात बहुतेक वेळ झोपलेला दिसतो. त्यापलीकडे मात्र अजून धापा सुरू होतात. दिवाळीतल्या फटाक्यांची भीती तशीच आहे आणि ती पूर्ण जाईल असे मला वाटत नाही, कारण पिल्लूपणातला हुकलेला काळ परत मिळत नाही. लहान मुलांच्या बाबतीत तो विश्वासाचा कुत्रा नाही, आणि होणारही नाही. फाटक कायमचे राहील, हे मी मुलाला फोनवर स्पष्ट सांगितले आणि त्यानेही ते मान्य केले.

काकू त्याला अजून बाळूच म्हणतात आणि वाढदिवसाला औक्षण करतात. त्यात बदल करायला मी कधी सांगितले नाही. ऑक्टोबरात दोघांचे सहा आठवड्यांसाठी कॅनडाला जायचे ठरले आहे. काकांचा पुतण्या तेवढा काळ घरी राहायला येणार असून, तो गेल्या दोन महिन्यांपासून शनिवार-रविवार मुक्कामाला येतो आणि त्या रात्री काका-काकू बहिणीकडे झोपतात. पहिल्या रात्री बाळू जेवला नाही. अलीकडे तो पुतण्याच्या हातचे खोके शोधतो आणि रात्री आपल्या गादीवर झोपतो. फ्लुऑक्सेटिनची मात्रा कमी करण्याचा विचार प्रवासापूर्वी करायचा नाही. काका-काकू परतल्यानंतर, थंडीत, पुन्हा चित्रण पाहून तो निर्णय घेतला जाईल.